शुक्रवारी बसवायची पिन

राहनाळ,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. वनिता हिस,
जय भीम.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. साडेतीन वर्षांना उशीर म्हणायचं की आणखी काही, ते मला कळत नाही. दर महिन्याला लिहायला बसायचो. कधी पेन सुकलेलं असायचं, कधी चष्मा सापडायचा नाही, कधी दोन ओळी होऊन मी उठून जायचो. फोनवर बोलायचं तर माझा आवाज बसतो, आणि तुझा नंबर आमच्याकडून लागतही नाही. तुझा भाऊ जीवन टेम्पो घेऊन इथल्या गोडाऊनला येतो, त्याच्या हाती हे देईन. तो घेईल की नाही याचीही धास्ती आहे. मागे नाक्यावर दिसला तेव्हा मला बघून त्याने काच वर केली होती.

क्षितिजा आता तिसरीत असेल. तिचा पावसाळ्यातला खोकला गेला का? तू पडघ्याच्या गोडाऊनला पॅकिंगला जातेस असं ऐकलं. तिथे पुठ्ठ्याची धूळ फार असते, ती कपड्यांतून घरी येते. घरी आलीस की आधी कपडे बदल आणि मगच तिला जवळ घे. तुला हे कळत नसेल असं नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता कामाचं. सुगतची राजदूत मोटरसायकल घरी आली. पोलीस इतके दिवस सोडत नव्हते. कोर्टाच्या गोष्टी, तुला ठाऊकच आहे. दिवाळीनंतर सुटली. चार पावसाळे पोलीस ठाण्याच्या आवारात काढले तिने. पुढच्या चाकाचा आठ झालाय, टाकी खालून सडली, सीटमध्ये उंदरांनी पिल्लं घातली होती. घरामागच्या पत्र्याखाली ठेवलीय. तुझ्या सासूने, मंदाने, मध्ये जुनी साडी बांधून आडोसा केला. ती त्या बाजूला बघत नाही, भांडी घासायलाही आता पुढच्या दारी बसते.

मी गाडी पुन्हा उभी करायची ठरवली आहे. आता मला अडुसष्टावं चालू आहे. लूमवरची ड्युटी सुटली, हाताला दुसरं काम नाही.

एक मागायचं आहे. दवाखान्यातून तुला सुगतचं घड्याळ, पाकीट आणि चाव्या मिळाल्या होत्या. त्यात एक छोटी पितळी चावी असेल. गाडीच्या बाजूला हत्यारांचा डबा असतो, त्याला सुगतने कुलूप लावलं होतं, त्याची ती चावी. कुलूप तोडायला मला एक मिनिट लागणार नाही. पण त्याच्या हाताने लावलेलं आहे. जमलं तर पाठव.

तुझा सासरा,
जानू

राहनाळ,
१९ डिसेंबर २०२५

चि. वनिता हिस,
जय भीम.

चावी मिळाली. जीवन आला तेव्हा मी चेनकव्हर घासत होतो. टेम्पोतून न उतरताच त्याने हात बाहेर काढला.

“हे घ्या. ताईनं दिलंय.”

“चहा घेऊन जा रे.”

“न्हाय. माल भरलेला हाय.”

“पोरगी कशी हाय?”

“कोणाची? तुमची का आमची?” असं म्हणाला. मग त्यालाच कसंतरी वाटलं असेल. “आमची बरी हाय,” म्हणाला. “सायकल शिकतेय. आत ताईची चिठ्ठी हाय. तिचं उत्तर द्या. न्हायतर परत कागद नका धाडू.”

तुझी चिठ्ठी चार ओळींची आहे, पण मी ती इतक्या वेळा वाचली की घडीवर फाटायला आली. तू विचारलंस, गाडी उघडल्यावर कळतं का, सुगतने ब्रेक दाबला होता का. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती, फोनच्या नादात त्याने समोर बघितलंच नाही, असं सगळे म्हणाले. तू दुसऱ्यांदा फोन केलास तेव्हाच ते झालं का, एवढंच तुला कळायला हवं.

पोरी, चार पावसाळे पडलेली गाडी. तिच्यावरून काय कळणार? सगळं गंजून एकजीव झालंय. तू असल्या गोष्टी मनात घेऊ नकोस. रात्रपाळी असते तुझी, झोप नीट घेत जा.

गाडीचं मात्र चांगलं चाललंय. इंजिन आठ दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं होतं, परवा पिस्टन हलला. लाकडाचा ठोकळा ठेवून वरून हळूहळू ठोकत होतो. तो पहिल्यांदा सरकतो तेव्हा हाताला कळतं, आवाजाच्याही आधी. सुगत असता तर ओरडला असता. आठवतं का तुला, ही गाडी आम्ही पहिल्यांदा आणली तेव्हा? पडघ्याच्या पुढे एका दूधवाल्याच्या गोठ्यात पडली होती, तुझ्याच वडिलांनी दाखवली. हेडलाईटच्या भोकात कोंबडी अंडी घालायची. दूधवाला म्हणाला, “गाडी न्या, पण कोंबडी खुडूक हाय, पंधरा दिवसांनी या.” आम्ही खरंच पंधरा दिवस थांबलो.

लॉकडाऊनमध्ये सगळे लूम बंद पडले तेव्हा मला भीती वाटायची. चाळीस वर्षं तो खडखडाट कानात. तो थांबल्यावर माझी झोप गेली. त्या दिवसांत सुगत मला पत्र्याखाली घेऊन बसायचा. “बाबा, हा नट बघा, बाबा, हे उलट्या आट्याचं हाय का?” त्याला सगळं ठाऊक असायचं, मला बोलतं ठेवायला विचारायचा. नंतर लूम सुरू झाले, त्याची गोडाऊनमधली कॉम्प्युटरची नोकरीही सुरू झाली, तरी दर शुक्रवारी आम्ही गाडीवर बसायचो. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, मला सुट्टी. तो साहेबाकडून सुट्टी बदलून घ्यायचा. तू पोहे आणून द्यायचीस आणि म्हणायचीस, “तिसरं माणूस म्हणून त्या गाडीलाच वाढू का आता?”

डबा अजून उघडला नाही. कुलपात तेल सोडून ठेवलंय.

तुझा सासरा,
जानू

राहनाळ,
९ जानेवारी २०२६

चि. वनिता हिस,
जय भीम.

जीवन आला आणि म्हणाला, “ताई म्हणाली, गाडीची गोष्ट विचारली न्हवती. ब्रेकची विचारली हुती.” एवढं बोलून गेला.

मला राग आला नाही. तू बरोबर विचारतेस.

माझं बीपी वाढलंय, डॉक्टरने मीठ बंद केलं. हात पहिल्यासारखा स्थिर नाही, टाकीवरची सोनेरी रेघ मला मारता येत नाही. पहिल्या वेळी ती रेघ सुगतने मारली होती. श्वास रोखून मारायचा, म्हणायचा, “कोणी शिंकू नका रे.” मी आता जुनी रेघ तशीच ठेवून बाकीचा रंग दिला. उजव्या बाजूला ती टाकीबरोबर चेपून गेलीय, ती मी सरळ केली नाही.

मंदा तुला त्या दिवशी बोलली ते मी विसरलेलो नाही. दहाव्या दिवशी, बायका बसलेल्या असताना. “तुझ्या फोननं माझा पोरगा नेला. ढोल वाजायला पाच वाजणार हुते, तुला तीन वाजताच घाई.” क्षितिजा तुझ्या मांडीवर बिस्कीट खात होती. दुसऱ्या दिवशी जीवन तुम्हाला घेऊन गेला. मी ओट्यावर होतो. मंदाला मी गप्प बस म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. का म्हणालो नाही ते लिहायला लागलो की माझं पेन थांबतं.

तुला एक लूमची गोष्ट सांगतो. माझं फिटरचं काम. लूम थांबला की मालकाचा जीव जातो, कारागिराचा रोजही बुडतो. म्हणून चालत्या शिफ्टमध्ये एखादी पिन तुटली, खिळी उडाली, तर फिटर नवा पार्ट शोधायला जात नाही. खिशात बारीक तारेचं वेटोळं असतं. तारेचे दोन वेढे मारायचे, पक्कडीने पीळ द्यायचा, लूम चालू. खरा पार्ट शुक्रवारी, सुट्टीला बसवायचा. आमच्यात एक म्हण होती, ‘तार आजची, पिन शुक्रवारची.’ मी हजार ठिकाणी अशी तार बांधली असेल. तार तुटली तर काय होतं? कापडात एक रेघ येते. कापड दुय्यम निघतं. तेवढंच.

आज इतकंच लिहवतं. पुढच्या शुक्रवारी नीट लिहितो.

जानू

राहनाळ,
१३ फेब्रुवारी २०२६

चि. वनिता,
जय भीम.

पुढच्या शुक्रवारी म्हणालो होतो, त्याला पाच शुक्रवार झाले. आता हे पत्र पुरं केल्याशिवाय उठणार नाही.

आधी तुझं उत्तर. सुगतने ब्रेक दाबला होता. मी पाहिलं आहे. मागच्या ब्रेकचं पायडल खाली वाकून पार फ्रेमला टेकलंय. लोखंडी आहे ते, उगीच वाकत नाही. सगळं अंग त्यावर टाकल्याशिवाय तसं होत नाही. त्याने समोरचा कंटेनर ट्रक बघितला होता, वेळेवर बघितला होता, आणि पाय ब्रेकवर होता. फोन वाजला असेल किंवा नसेल, त्याचं लक्ष रस्त्यावर होतं. तुझ्या फोनने काहीही झालेलं नाही. हे तू दोनदा वाच, आणि जीवनलाही वाचायला दे.

टायरची खूण पडली नाही, कारण मागचं चाक थांबलंच नाही. पायडलपासून चाकापर्यंत एक सळई जाते. पायडलपाशी ती एका खिळीने अडकवलेली असते, आणि खिळी निसटू नये म्हणून तिच्या भोकात दोन पायांची छोटी पिन घालून पाय वाकवतात. सळई लोंबत होती. खिळी नव्हती. पुढचा ब्रेक त्या गाडीला नावापुरता.

पिन मी घातली नव्हती.

तेरा एप्रिलला संध्याकाळी आम्ही चाक जोडत होतो. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर पहिली जयंती, पोरांची मोटरसायकलची रॅली निघायची होती, आणि सुगतला राजदूत पुढे हवी होती. जुनी पिन काढताना तुटली. नाक्यावरचं दुकान बंद झालेलं. मी खिशातून तार काढली, दोन वेढे, एक पीळ. सुगतने वाकून बघितलं. “बाबा, चालंल ना?” मी म्हणालो, “लूमवर महिनोन्महिने चालते. उद्या गुरुवार हाय, परवा बसवू.” तो हसला. “तार आजची,” म्हणाला. पुढचं मी म्हणायचं असायचं, ते मी म्हणालो.

आणखी सांगतो, नाहीतर ही कबुली अर्धीच राहील. चौदा तारखेला सकाळी रॅली चौकात थांबली होती. तिथे माझ्या ओळखीचा एक मिस्त्री भेटला. मी सहज पिनेचं बोललो तर त्याने आपल्या पिशवीतून पिन काढून दिली. दहा वाजले होते. माझ्या हातात पिन होती, पक्कड डब्यात होती, काम पाच मिनिटांचं. पण लोक गाडीबरोबर फोटो काढत होते. सुगतने निळा झेंडा लावला होता. आणि वनिता, मी नवा पांढरा शर्ट घातला होता. वाकलो तर ग्रीस लागेल असं मनात आलं. मी पिन कागदात गुंडाळून हत्यारांच्या डब्यात टाकली आणि सुगतला म्हणालो, कुलूप लाव.

दुपारी माहेराहून तुझा सुगतला फोन आला, “मला आणि क्षितिजाला मिरवणुकीला न्यायला ये” म्हणून. तो हेल्मेट घालून निघाला. मी ओट्यावर बसून हात केला. पिन त्याच्या पायाजवळच्या डब्यात होती. ती घेऊन तो पडघ्याच्या रस्त्याला लागला.

अपघाताचा फोन आला तेव्हा सगळे रडत होते. माझ्या मनात पहिल्यांदा तार आली. नंतर सुगत. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मंदा तुला बोलत होती तेव्हा मी गप्प होतो, कारण ती तुझ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी मनाशी म्हणायचो, तार तुटली याची खात्री काय? कंटेनर मधेच थांबला असेल. खात्री नाही म्हणून मी बोलत नाही. आणि खात्री होऊ नये म्हणून मी गाडी आणायला जात नव्हतो. पोलीस सोडत नव्हते असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. अपघातानंतर आठव्या महिन्यातच हवालदाराचा फोन आला होता, “काका, गाडी घेऊन जा.” त्यानंतर दोनदा आला. शेवटी म्हणाला, आता भंगारात लिलाव होईल. भंगारवाल्याने ती कापली असती तर मी सुटलो असतो. तेव्हाच मला झोप येईना, म्हणून गेलो. डब्याची चावी तुझ्याकडे मागितली, कारण पिन आत आहे की मी उगीच तसं मनाशी धरलंय ते बघायचं होतं. आत होती. कागद पिवळा पडलाय, पिन गंजलीय, पाय सरळ आहेत. कोणी वाकवलेच नाहीत.

आता घरातलं. गेल्या शुक्रवारी मी मंदाला समोर बसवून हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. माझं संपलं तरी निवडत राहिली. मग म्हणाली, “मी त्या पोरीला चार बायांपुढं बोलले. तवा तुम्ही कुठं हुता?”

“ओट्यावर.”

“काय करत हुता?”

“चहा पीत होतो.”

तिने सूप खाली ठेवलं. “मला पोराचं दुःख हुतं, म्हणून मी बोलले. तुम्हाला ठावं हुतं, म्हणून तुम्ही न्हाय बोलला.” तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, सरकवते आणि आत जाते. काल फक्त एक वाक्य म्हणाली, “आधी वनिताला लिहा, मग माझ्याकडं पाणी मागा.” मध्ये बांधलेली साडी मात्र तिने सोडली. काल संध्याकाळी गाडीपाशी उभी होती. टाकीवरच्या त्या रेघेवरून बोट फिरवत होती. मी तिकडे गेलो नाही.

गाडी जवळजवळ झाली आहे. इंजिन तिसऱ्या किकला चालू होतं, आवाज तोच आहे. पुढचं चाक नवीन आरे भरून सरळ केलं. मागचा ब्रेक मी जोडलेला नाही. वाकलेलं पायडल, सळई, सगळं तसंच आहे. कोणाला बघायचं असेल, पोलिसाला, तुझ्या भावाला, तर दिसेल. मी नाही म्हणणार नाही, आणि माझ्या वयाचं कारण पुढे करणार नाही. गाडी विकायची, मोडायची की क्षितिजासाठी ठेवायची, ते तू ठरव. ती गाडी माझी उरलेली नाही.

मला क्षमा कर असं लिहिणार नाही. तुझी पावणेचार वर्षं मी परत देऊ शकत नाही. रात्री कामावर उभी असताना तू त्या दुसऱ्या फोनचा हिशेब करत असशील, आणि मला इथे उत्तर ठाऊक होतं. फक्त एवढं कर. मंदाला एकदा येऊ दे तुझ्या दारात. तिला जे बोलायचं ते बोलू दे. मी नाक्यावर थांबेन, आत येणार नाही. क्षितिजाला लांबून सायकलवर बघितलं तरी माझं भागेल. तेही नको असेल तर तसं सांग.

या पाकिटात पिन ठेवली आहे, त्याच कागदात. ती तुझ्याकडे असायला हवी, म्हणजे उद्या कोणी पुन्हा फोनचं बोललं तर त्यांच्यापुढे ठेवता येईल. पण पोरीच्या हाती लागू देऊ नकोस, गंजलेली आहे, टोचली तर इंजेक्शन घ्यावं लागेल. उंच कुठेतरी ठेव.

उत्तर लवकर दे. शिव्या असल्या तरी चालतील, पण तू स्वतः लिहून दे. जीवनच्या तोंडी नको, तो रागाने अर्ध्या गाळेल आणि बाकीच्या स्वतःच्या घालेल. रोज दहा वाजता त्याचा टेम्पो येतो, मी साडेनऊपासून गोडाऊनच्या गेटजवळ उभा असतो. वाचून झालंय, एवढं तरी कळव.

जानू